कर्मवीर अण्णा आणि एक पंगत

स्मरणिकेसाठी लेख हवा असा निरोप आला तेव्हा विचार केला की सहली, स्नेहसंमेलन, छड्या आणि दहावीचा निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मी थोडे मागे जाते. ज्यांच्या संस्थेच्या शाळेत आपण शिकलो, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी लिहिते.

२२ सप्टेंबरला आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी भाषण केलेले आहे. जन्म कुंभोज, स्थापना काले, बोधचिन्ह वटवृक्ष, ब्रीद स्वावलंबन. एवढे आजही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. पण पाच मिनिटांच्या भाषणात सनावळीच मावते. पुढे अण्णांविषयी सावकाश वाचत गेले तेव्हा एक धागा हाती लागला. वसतिगृहातून काढून टाकलेला एक विद्यार्थी पुढे आयुष्यभर वसतिगृहेच काढत राहिला. त्याला का काढले, त्या वेळी त्याच्या बाजूने कोण उभे राहिले आणि नंतर तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे सगळे आपल्या शाळेच्या पायात आहे. म्हणून तेच सांगते.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे झाला. घराणे दिगंबर जैन. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यातले. वडील सरकारी नोकरीत असल्याने बदल्या होत आणि भाऊरावांची शाळाही गावोगाव बदलत गेली. मुलगा अंगाने दणकट, तालमीचा आणि कुस्तीचा शौकीन, अभ्यासात बेताचा. अन्याय दिसला की मात्र गप्प बसायचा नाही. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी गोष्ट सांगतात. आपल्यालाही ती सरांनी सांगितलेली आहे.

१९०२ च्या सुमारास भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या काळचे कोल्हापूर समजल्याशिवाय पुढची गोष्ट समजत नाही. शाहू महाराजांना बहुजन समाजातली मुले शिकवायची होती. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहायला जागा नाही, जेवायची सोय नाही, ही पहिली अडचण होती. आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह ठेवून पाहिले, तर त्याचा फायदा मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. मग महाराजांनी व्यवहार पाहिला. १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहू लागली. त्या त्या समाजाने पुढे यावे, पैसा उभारावा आणि आपली मुले सांभाळावीत. जागा आणि मदत दरबाराची. हा उपाय लागू पडला. हजारो मुले त्यामुळे शिकली. पण प्रत्येक समाजाची चूल वेगळी राहिली, आणि त्या चुलीबरोबर तिचे सोवळेही राहिले.

१९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्या समारंभाला गेले, तिथल्या लोकांत मिसळले आणि आपल्या बोर्डिंगवर परत आले. जेवणापूर्वी स्नान करून शुद्ध व्हावे, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला. माणसांना भेटून आल्यावर अंघोळ कसली करायची, हा त्यांचा सरळ सवाल होता. प्रकरण अधीक्षकांकडे गेले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

ते अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. हे नाव इथे मुद्दाम लिहिते, कारण लठ्ठे हे जुनाट विचारांचे गृहस्थ नव्हते. ते उच्चशिक्षित होते, जैन समाजात शिक्षण यावे म्हणून झटत होते आणि ब्राह्मणेतर चळवळीतले मोठे कार्यकर्ते होते. पुढे त्यांनी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. असा सुधारकसुद्धा एका अंघोळीपाशी अडला. खेड्यापाड्यातल्या कर्मठ पालकांनी विश्वासाने मुले पाठवली होती. तो विश्वास तुटला तर बोर्डिंगच बंद पडेल, अशी काळजी त्यांना असावी. शाळा-वसतिगृहांत भेदभाव टिकतो तो नेहमी दुष्टांमुळेच टिकतो असे नाही. पुष्कळदा चांगल्या माणसांना नियम मोडण्याची किंमत जास्त वाटते, म्हणून तो टिकतो. मला अण्णांच्या चरित्रातली ही सर्वांत महत्त्वाची जागा वाटते.

बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या या मुलाला आधार दिला तो खुद्द महाराजांनी. भाऊराव काही काळ त्यांच्या आश्रयाने राहिले. महाराजांचा सहवास, त्यांचे साधे वागणे, जातिभेदाविरुद्धची त्यांची धडपड हे सगळे त्यांना जवळून पाहायला मिळाले. शाळेतली प्रगती मात्र बेताचीच राहिली. गणितात घोडे अडले तेव्हा महाराजांनी वर चढवण्याविषयी हेडमास्तर भार्गवराम कुलकर्णी यांच्याकडे शब्द टाकला, तर त्यांनी साफ नकार दिला, अशी आठवण सांगितली जाते. हा मुलगा ज्या बाकावर बसतो तो बाक वरच्या वर्गात पाठवीन, पण मुलाला पाठवणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाले म्हणे. राजाचा शब्द नाकारणारा हेडमास्तर आणि तो नकार ऐकून घेणारा राजा, दोघांचेही कौतुक वाटते. भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या आसपास संपले. ज्यांच्या संस्थेतून पुढे लाखो मुले मॅट्रिक झाली, ते स्वतः मॅट्रिक झाले नाहीत.

लक्ष्मीबाईंशी लग्न झाले होते. पोटापाण्यासाठी ते साताऱ्याला आले आणि शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. स्वतः नापास झालेला हा मास्तर मुलांना चांगला शिकवायचा. मुलाला नेमके कुठे समजत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. याच सुमारास मित्रांबरोबर दुधगाव येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे, हा त्यांचा पहिला प्रयोग. शाळेच्या दाराबाहेर बसवलेल्या एका अस्पृश्य मुलाला, ज्ञानदेव घोलपला, त्यांनी आपल्याबरोबर नेले आणि कोल्हापूरला त्याच मिस क्लार्क वसतिगृहात शिकायला ठेवले. हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले.

आता १९१४ सालची गोष्ट. आपल्या भाषणांत ती क्वचितच असायची. कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. मोठा गहजब झाला. तोवर लठ्ठे आणि कोल्हापूर दरबार यांचे संबंध बिघडले होते, त्यामुळे संशय लठ्ठ्यांकडे वळवण्यात आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला माणूस हवा होता, आणि त्यासाठी भाऊराव पाटलांची निवड झाली. हिशेब उघड होता. याच लठ्ठ्यांनी या तरुणाला बोर्डिंगमधून हाकलले होते, तेव्हा हा आनंदाने साक्ष देईल.

भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला नकार दिला. त्यांना अटक झाली. पोलिसांनी छळ केला. तो सोसवेना तेव्हा त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. अखेर सुटका झाली.

सहा वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्याला जेवणाच्या पंगतीतून उठवले, त्यांच्यासाठी या माणसाने एवढे सोसले. लठ्ठ्यांचे त्या दिवशी चुकले, असे भाऊरावांचे मत होते. त्यात बदल झाल्याचे दिसत नाही. पण एका बाबतीत चुकलेल्या माणसावर दुसऱ्या बाबतीत खोटा आळ येत असेल, तर त्याच्या बाजूने उभे राहायचे, एवढे त्यांना स्पष्ट होते. आणि हा छळ झाला तो कोल्हापूर संस्थानात, म्हणजे ज्या महाराजांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याच राज्यात. तरीही दहा वर्षांनी साताऱ्यात स्वतःचे वसतिगृह काढल्यावर त्याला नाव दिले ते छत्रपती शाहू महाराजांचेच. माणसाचा एक दिवस आणि त्याचे आयुष्यभराचे काम यांची गल्लत अण्णांनी लठ्ठ्यांच्या बाबतीत केली नाही आणि महाराजांच्या बाबतीतही केली नाही.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी नोकरी केली. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले, ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी काम केले, पुढे साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात भागीदारीने काम केले आणि मतभेद झाल्यावर बाहेर पडले. या भटकंतीत त्यांनी खेडे जवळून पाहिले. लोखंडी नांगर चांगला आहे हे पटूनही तो न घेणारा शेतकरी पाहिला, सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारा पाहिला. शिक्षणाशिवाय यातले काही सुटणार नाही, हे त्यांनी स्वतःशी पक्के केले. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक विचार तर मनात होताच.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या सुमारास, कराड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेची उद्दिष्टे आपण प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर रोज वाचत होतो. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड निर्माण करणे, गरिबांना मोफत शिक्षण देणे ही तर होतीच. पण निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव निर्माण करणे हेही एक वेगळे, स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून लिहिलेले आहे. शिक्षण दिले की प्रेमभाव आपोआप येईल, असे अण्णांनी गृहीत धरले नाही. उच्चशिक्षित अधीक्षकाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

१९२४ साली संस्थेचे मुख्यालय साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. सुरुवातीला वेगवेगळ्या जातींची मोजकी मुले होती आणि ती अण्णांच्या घरचीच माणसे असल्यासारखी राहत. पुढे धनिणीच्या बागेत वसतिगृहाचा पसारा वाढला. कोल्हापुरात समाजवार चुली होत्या. अण्णांनी इथे एकच चूल ठेवली. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी, ब्राह्मण कोणीही असो, जागा एक, पंगत एक.

आता ही एक पंगत चालवायची कशी? माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे एक गोष्ट फार लवकर शिकायला मिळते. एखादा नियम भिंतीवर लावून लोक तो पाळत नाहीत. रोजच्या कामाच्या क्रमातच तो असा गुंफावा लागतो की तो मोडायला वेगळे कष्ट पडावेत. अण्णांनी नेमके हेच केले होते. वसतिगृहात स्वयंपाकी ठेवला नाही, पाळ्या लावल्या. दळण, पाणी, लाकडे, भाकरी, भांडी, झाडलोट, शेतातले काम सगळे मुलांनीच करायचे. आज ज्याने पीठ मळले त्याची जात विचारून भाकरी नाकारली, तर उद्या आपल्या पाळीची भाकरी कोण खाणार? ज्याच्याबरोबर सकाळी आडातून पाणी ओढले, त्याच्या हातचे पाणी संध्याकाळी कसे नाकारणार? समतेवर व्याख्याने झालीच असतील, पण खरे शिक्षण चुलीपाशी होत होते. आपण ज्याला श्रमप्रतिष्ठा म्हणून दहा मार्कांचे टिपण लिहायचो, त्याच्या मुळाशी हे होते. पैसे वाचवणे हा त्याचा एक भाग, जात विसरायला लावणे हा दुसरा.

आणि या पंगतीच्या केंद्रस्थानी होत्या लक्ष्मीबाई. कर्मठ जैन घरात वाढलेली ही बाई. सोवळेओवळे अंगात मुरलेले. नवऱ्याने एके दिवशी सगळ्या जातींची पोरे घरात आणून बसवली. वहिनींनी त्यांना जेवू घातले, आजारपणात त्यांच्या उशाशी बसल्या, त्यांना न्हाऊमाखू घातले. माहेरचे दागिने एकेक करून वसतिगृहाच्या धान्यात गेले. अण्णा वर्गणीसाठी गावोगाव हिंडत असताना एकदा घरात दाणा उरला नाही. मुले उपाशी राहणार म्हणून वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्र मोडले. त्या काळी सौभाग्यवतीने असे करणे म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारले असते तर कळले असते. अण्णांचे धाडस विचारातून आले होते, शाहू महाराजांच्या सहवासातून आले होते. वहिनींना ना शाळा मिळाली होती, ना महाराजांचा सहवास. समोर भुकेली मुले होती, आणि तेवढे त्यांना पुरले. ज्या सोवळ्यापाशी लठ्ठ्यांसारखा विद्वान अडला, ते सोवळे या बाईने स्वयंपाकघरातच सोडून दिले. १९३० साली त्या गेल्या. भाषणात आपण त्यांना एक वाक्य द्यायचो. खरे तर निम्मे भाषण त्यांचे आहे.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचा छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असा नामकरण समारंभ झाला. सगळ्या जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र रांधतात आणि खातात, हे पाहून गांधीजींना फार समाधान वाटले. अण्णांनी खादी आधीच धरली होती. दाढी, खादीचे जाडेभरडे कपडे, हातात काठी, असे जे चित्र आपल्या मुख्याध्यापकांच्या खोलीत होते, ते त्या काळापासूनचे.

या कामात त्यांना जे लोक येऊन मिळाले, तेही पाहण्यासारखे आहेत. सहकारी इस्माईलसाहेब मुल्ला, ज्यांच्या नावाचे विधी महाविद्यालय आज साताऱ्यात आहे. कीर्तनातून गावे झाडणारे गाडगेबाबा. आणि नाव कुठेही न लिहिलेले असंख्य शेतकरी, ज्यांनी सुगीत धान्याची पोती पाठवली. एका जैन घरातल्या माणसाने मराठा राजाच्या नावाने वसतिगृह काढावे, त्यात सगळ्या जातींची मुले ठेवावीत, आणि ते चालवायला मुसलमान, मराठा, दलित, ब्राह्मण सगळ्यांनी हात लावावा, हे त्या काळात मुळीच ठरलेले नव्हते. वसतिगृहात मुलगा ठेवायचा म्हणजे त्याच्या बापाला गावात बोलणी खावी लागत असणारच. तरी त्यांनी मुले पाठवली. या बापांचे पुतळे नाहीत, पण त्यांनी मुले काढून घेतली असती तर अण्णांची पंगत एका वर्षात उठली असती.

पुढचा विस्तार आपल्याला पाठ आहे, म्हणून भराभर सांगते. १९३२ साली पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय सुरू झाले, ज्याला आज महात्मा फुल्यांचे नाव आहे. तिथून तयार झालेली मुले खेड्यांत गेली आणि डोंगरकपारीतल्या वस्त्यांवर पाचशेहून अधिक शाळा सुरू झाल्या. काही देवळांत, काही धर्मशाळांत, काही झाडाखाली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, मोफत आणि निवासी. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज आले आणि कमवा आणि शिका ही योजना तिथे रुजली. शेतात, बांधकामावर, छापखान्यात राबून मुले पदवीधर होऊ लागली. १९५४ साली कराडला गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज निघाले.

१९४८ साली मात्र संस्था बुडण्याच्या बेतात होती. गांधीजींच्या हत्येनंतरच्या दिवसांत अण्णांनी सरकारवर कडक टीका केल्याचे निमित्त झाले आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. शेकडो शाळा, त्यांतले शिक्षक, वसतिगृहांतली मुले, सगळे वाऱ्यावर. या वेळी लोक उभे राहिले. पैसा आला, धान्य आले. शिक्षकांनी शाळा बंद पडू दिल्या नाहीत. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे अण्णांसाठी रदबदली केली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. १९१४ साली एकट्याने कोठडीत बसलेला माणूस १९४८ साली एकटा नव्हता. तीस वर्षे ज्यांच्या मुलांना जेवू घातले, ते लोक त्याच्या मागे होते.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. त्यांतली एक आपली.

आपल्या शाळेत या सगळ्याचे काय उतरले होते? मोठे काही सांगत नाही, एक लहान गोष्ट सांगते. शिष्यवृत्तीचे अर्ज यायचे तेव्हा आपल्या वर्गशिक्षकांनी जातीनिहाय यादी कधीही वर्गात मोठ्याने वाचली नाही. ज्याचा त्याला मधल्या सुट्टीत बोलावून, शेजारी बसवून, ते स्वतः अर्ज भरून घ्यायचे. दाखला नसेल तर पालकांना चिठ्ठी द्यायचे. कोणाला कुठली शिष्यवृत्ती होती, हे आम्हा बाकीच्यांना दहावी झाली तरी कळले नाही. त्या वेळी त्यात काही विशेष वाटले नाही. इंजिनिअरिंगला गेल्यावर, तिथे पहिल्याच आठवड्यात प्रवेशाच्या यादीवरून कोण कुठल्या कोट्यातला याची चर्चा सुरू झालेली ऐकली, तेव्हा आपल्या सरांनी काय सांभाळले होते ते समजले. सर ही स्मरणिका वाचतील. त्यांचे नाव लिहिले तर त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. वसतिगृहातली मुले आणि गावातल्या मुली वर्गात एकाच हजेरीपटावर होत्या, आणि गॅदरिंगच्या दिवशी आमटी वसतिगृहातल्याच मुलांनी रांधलेली असायची. ती आपण सगळ्यांनी खाल्ली आहे.

एक प्रश्न मात्र मनात येतो आणि तो आपल्या पिढीपुढे ठेवावासा वाटतो. आपल्यापैकी बरेच जण आज पुण्या-मुंबईत, काही परदेशात आहेत. आपली मुले चांगल्या शाळांत जातात. त्या शाळांत जातीची चूल नाही, हे खरे. पण फी अशी आहे की वर्गातली सगळी मुले एकाच थरातली असतात. आपल्या मुलाच्या शेजारी शेतमजुराचा मुलगा बसत नाही, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी त्याच्या पंगतीला नसते. समाजवार वसतिगृहांच्या जागी आता उत्पन्नवार शाळा आल्या आहेत. कोणी कोणाला उठवत नाही, कारण मुळात एकत्र बसायची वेळच येत नाही. पालक म्हणून आपणही लठ्ठ्यांसारखेच चांगले आणि काळजीवाहू आहोत, मुलाचे नुकसान होईल या भीतीने आहे ती व्यवस्था मोडत नाही.

यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण सुरुवातीला काही करता येईल. संस्थेच्या वसतिगृहांत आजही खेड्यातली मुले राहतात. सुट्टीत आपल्या मुलांना तिथे नेता येईल, दोन दिवस ठेवता येईल, पाळीने भाकरी भाजायला लावता येईल. आपण नुसता धनादेश पाठवला तर त्याची पावती येईल, पण मुले एकमेकांना ओळखणार नाहीत. साताऱ्याला अण्णांची समाधी आहे, तीही दाखवावी. तिथे उभे राहून मुलांना शाखांची संख्या सांगण्याआधी त्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगावी, ज्याने अंघोळ करायला नकार दिला, ज्याला त्यासाठी जेवणाच्या पंगतीतून उठावे लागले, आणि ज्याने पुढे उठवणाऱ्याविरुद्ध खोटे बोलायलाही नकार दिला. लक्ष्मीबाई वहिनींच्या मंगळसूत्राची गोष्टही त्याच वेळी सांगावी. मुले प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे देताना आपल्यालाही थोडे थांबून विचार करावा लागेल, आणि तेवढे झाले तरी पुष्कळ.